हँग ग्लायडिंगचा पहिला दिवस: पहाटेच्या गाडीपासून डोंगरउतारापर्यंत

पहिल्या दिवशी तुमचे पाय जमिनीवरून सुटतील ते फार तर चार-पाच फूट, आणि तेही काही सेकंदच. हे आधीच सांगते, कारण आमच्या क्लबात येणारी बरीच मंडळी मनात वेगळं चित्र घेऊन येतात. कड्यावरून झेप, खाली पवना धरणाचं पाणी, शेजारी घार. ते सगळं खरं आहे, पण पुढचं आहे. पहिला दिवस असतो वीस-पंचवीस किलोचा पंख खांद्यावर पेलण्याचा, वारा चेहऱ्यावर ओळखायला शिकण्याचा आणि उतारावर धावून धावून पिंढऱ्या भरून येण्याचा. मी बारा वर्षं या उतारावर जाते आहे. अजूनही नवीन माणूस पहिल्यांदा पंख उचलून धावू लागला की मी हातातलं काम सोडून बघत उभी राहते. पंख आधी जड लागतो, दोन-तीन पावलांत हलका होतो आणि सहाव्या-सातव्या पावलाला तोच माणसाला उचलायला लागतो. तो क्षण दुरूनही ओळखू येतो.

मुंबई, ठाणे, डोंबिवली, पनवेल अशा ठिकाणांहून पहिल्यांदाच येणाऱ्यांनी काय करायचं, कशाच्या क्रमाने करायचं, ते खाली सांगते.

मुंबईत का उडत नाहीत

हा प्रश्न दर रविवारी कोणीतरी विचारतं. गोराईला, मढला, कान्हेरीच्या डोंगरावर का नाही? एक तर सांताक्रूझ आणि जुहू हे दोन्ही विमानतळ शहराच्या पोटात आहेत, त्यामुळे वरचं सगळं आकाश विमानांसाठी राखलेलं आहे. दुसरं, मुंबई पोलिस वेळोवेळी जे मनाई आदेश काढतात त्यांत ड्रोनबरोबर पॅराग्लायडर आणि ग्लायडरही येतात. त्यामुळे शहरात कोणी 'समुद्रकिनाऱ्यावर शिकवतो' म्हणाला तर तिथे जाऊ नका.

आपण जातो ते मावळात, कामशेतला. मुंबईपासून शंभर-एक किलोमीटर, समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंच. सह्याद्रीचा घाटमाथा ओलांडला की पूर्वेला सुट्या सुट्या डोंगररांगा लागतात, मध्ये रुंद खोरी आणि खोऱ्यांत भाताची खाचरं. उडणाऱ्याला हेच हवं असतं. वारा डोंगरावर आपटला की त्याला वर चढण्यावाचून वाट नसते, आणि तो वर चढणारा वाराच आपल्याला तोलून धरतो. खाली उतरायला मोकळी शेतं आहेत. टॉवर हिल, शेलार, शिंदेवाडी ही नावं तुमच्या कानावर लवकरच पडतील. शिकण्याचा उतार मात्र यांतला कुठलाच नसतो. तो असतो गावाबाहेरचा एखादा बुटका, गवताळ, दगड वेचून काढलेला चढ.

आधी फोन करा, आणि नीट विचारा

एक गोष्ट स्पष्ट असू द्या. कामशेतच्या आकाशात आज दिसतात ते बहुतेक पॅराग्लायडर: नुसत्या कापडाचा पंख, चौकट नाही, माणूस खाली बसलेला. हँग ग्लायडरला ॲल्युमिनियमच्या नळ्यांची चौकट असते, त्यावर ताणलेलं कापड, आणि माणूस पोटावर आडवा. हे पंख आपल्याकडे मोजके आहेत. म्हणून फोनवर पहिला प्रश्न हाच: तुमच्याकडे शिकाऊ हँग ग्लायडर आहे का, आणि तो शिकवणारा माणूस त्या दिवशी येणार आहे का? नसेल तर पॅराग्लायडरवर सुरुवात करायलाही माझी हरकत नाही. वारा दोघांचा एकच, आणि खाली लिहिलेलं बरंचसं तसंच लागू पडतं.

दुसरा प्रश्न परवान्याचा. महाराष्ट्रात २०२१ साली साहसी पर्यटनाचं धोरण आलं. त्यानुसार असे उपक्रम चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. नोंदणी आहे का, हे विचारताना संकोचू नका. शिकवणाऱ्याचं प्रशिक्षण कुठलं, तो किती वर्षं उडतो आहे, तेही विचारा. चांगला प्रशिक्षक या प्रश्नांनी खूश होतो.

क्लब तुमचं वजन विचारेल. उगाच चार किलो कमी सांगू नका. पंखाचा आकार वजनावरून ठरतो. हलका माणूस मोठ्या पंखाखाली गेला तर तो पंखाला वळवू शकत नाही, आणि जड माणूस लहान पंखाखाली गेला तर त्याला उतरताना फार वेगाने धावावं लागतं. पाठीचं, गुडघ्याचं, खांद्याचं जुनं दुखणं असेल, फिट येत असेल, गरोदर असाल तर तेही फोनवरच सांगा. आणि घरात जी अपघात विमा पॉलिसी आहे ती काढून वाचा. साहसी खेळ वगळल्याचं कलम अनेक पॉलिसींत असतं.

कधी यायचं? पावसाळ्यात, म्हणजे जून ते सप्टेंबर, काम बंद. ऑक्टोबरपासून मेपर्यंत हंगाम. नवशिक्याने नोव्हेंबर ते फेब्रुवारी धरावा. भात कापून झालेलं असतं, सकाळी थंडी असते, वारा शहाण्यासारखा वागतो. मार्चनंतर उन्हं तापली की हवा उसळायला लागते. ती अनुभवी लोकांची मजा आहे, पहिल्या दिवसाची नाही.

काय घालायचं, काय आणायचं

घोट्याच्या वर येणारे बूट. एवढं एकच आणलंत आणि बाकी सगळं विसरलात तरी चालेल. उतारावर पाय मुरगळणं ही नवशिक्यांची नेहमीची दुखापत आहे. बुटाला लेस अडकवायचे धातूचे हुक असतील तर त्यांवर चिकटपट्टी लावा, दोऱ्या त्यात अडकतात. पूर्ण बाह्यांचा शर्ट, जाड पूर्ण पँट, पातळ हातमोजे, उन्हाची टोपी. डोक्याचं हेल्मेट क्लब देतो. पाणी दोन लिटर माणशी, कारण डोंगरावर नळ नाही आणि नुसतं उभं राहूनही घसा कोरडा पडतो. गॉगल दोरीने बांधलेला. ओढणी, सैल मफलर, गळ्यातली लांब चेन घरी ठेवा. केस लांब असतील तर घट्ट वेणी घालून शर्टाच्या आत. मी पहिल्या दिवशी वेणी बाहेर ठेवली होती आणि ती हार्नेसच्या, म्हणजे ज्या पट्ट्यांच्या झोळीत आपण पंखाखाली लटकतो तिच्या, चेनमध्ये गेली. सोडवायला अर्धा तास गेला आणि सकाळचा चांगला वारा तेवढ्यात निघून गेला.

पहाट

गाडी असेल तर साडेपाचच्या आत मुंबई सोडा. एक्स्प्रेस वेने लोणावळ्यापर्यंत, तिथून उतरून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने कार्ल्याचा फाटा मागे टाकत कामशेत. रेल्वेने यायचं तर पहाटेची इंद्रायणी दादर, कल्याणहून पकडा, लोणावळ्याला उतरा आणि पुण्याकडे जाणारी लोकल घ्या. मळवली आणि मग कामशेत, दुसरंच स्टेशन. निघण्याआधी वेळा बघून घ्या. दुपारी या लोकल कमी असतात, म्हणून सकाळची चुकली तर दिवसच गेला असं समजा.

पोट रिकामं ठेवू नका आणि तडसही लागू देऊ नका. स्टेशनबाहेर कांदेपोहे आणि चहा मिळतो, तेवढं पुरे. डोंगरावर मळमळणारी माणसं मी पाहिली आहेत ती बहुधा उपाशी पोटी आलेली.

पोचल्यावर पहिलं काम: वारा

सामान उतरवू नका. आधी उभे राहा.

आमच्याकडे टेक-ऑफवर, म्हणजे जिथून उडतात त्या जागी, एक विंडसॉक असतो, कापडी पिशवीसारखा. पण वारा फक्त त्याच्याकडूनच शिकलात तर दहा फुटांपलीकडे काय चाललंय ते कळणार नाही. गवताकडे बघा. खालच्या गावातल्या चुलीच्या धुराकडे बघा. देवळावरचा भगवा बघा. गालावर वारा नुसता जाणवतो आणि पानं सळसळतात, तेव्हा तो ताशी दहाच्या आत असतो. पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलतात आणि झेंडा पसरून फडफडतो, तेव्हा साधारण १२ ते १९ किलोमीटर. धूळ आणि कागदाचे कपटे उडू लागले, फांद्या डोलायला लागल्या, की तो वीसच्या पुढे गेला. शिकाऊ माणसासाठी साधारण १० ते १८ ठीक. वीसच्या पुढे तुमचा पंख जमिनीवरच राहील, मग तुम्ही कितीही लांबून आलेले असा.

इतकी काटेकोर वागणूक का? वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की पंखावरचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. दहाच्या वाऱ्यात ज्या पंखाला एक हात पुरतो त्याला विसाच्या वाऱ्यात तीन माणसं लागतात. अंदाजाने चालणाऱ्याला हे फार उशिरा कळतं.

दिशाही महत्त्वाची. वारा उतारावर समोरून, खालून वर येणारा हवा. तिरपा असेल तर थांबायचं. डोंगराच्या मागून येत असेल तर त्या उताराकडे फिरकायचंही नाही, कारण डोंगराच्या पाठीमागे वारा ओढ्यातल्या दगडामागच्या पाण्यासारखा भोवरे करत फिरतो. त्या हवेत पंखाला आधारच मिळत नाही. हिवाळ्यात सकाळी मावळात वारा बहुतेक पूर्वेकडून असतो, दुपारनंतर पश्चिमेकडून. कोकणातली जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते, तिची जागा भरायला समुद्रावरची हवा आत शिरते आणि घाट चढून वर येते. आपण मुंबईत गच्चीवर संध्याकाळी जी झुळूक घेतो तिचीच ही थोरली बहीण. म्हणून क्लब सकाळी एका उतारावर आणि दुपारनंतर दुसऱ्या उतारावर जातो. मधल्या दोन-तीन तासांत वारा पडतो, फिरतो, कुठूनही येतो. त्या वेळी जेवायचं.

आणि घारी बघा. पंख न हलवता ज्या जागी घार गोल गोल वर चढते आहे, तिथे हवा वर जाते आहे. आमचे सगळ्यांत अनुभवी वैमानिकही घारीच्या मागे जातात.

पंख बांधणे

हँग ग्लायडर एका लांबलचक पिशवीत येतो, पाच-सहा मीटरची. ती दोघांनी उचलायची, एक पुढे आणि एक मागे. वारा जिकडून येतो तिकडे नाक, म्हणजे पंखाचं पुढचं टोक, करून नव्हे, आडवी ठेवायची. पिशवीची चेन उघडली की आधी त्रिकोणी चौकट जोडतात, मग दोन्ही पंख पसरवतात, मग मागच्या तारेने सगळं ताणतात, मग कापडाच्या खिशांत वाकलेल्या काड्या सरकवतात. या काड्यांना बॅटन म्हणतात. त्यांनीच पंखाला आकार येतो. डाव्या आणि उजव्या पंखाच्या काड्या आरशातल्या प्रतिमेसारख्या असतात. एकीची दुसरीकडे गेली तर पंख एका बाजूला ओढतो. म्हणून त्या मोजून, रंग बघून घालायच्या.

पहिल्या दिवशी प्रशिक्षक बांधतो आणि तुम्ही हात लावता. पण बांधून झाल्यावर त्याच्याबरोबर पंखाभोवती एक पूर्ण फेरी मारा. नाकापासून सुरू करून नाकापाशी संपणारी, दर वेळी एकाच दिशेने. प्रत्येक बोल्टला सुरक्षा पिन आहे का? तारांना कुठे पीळ, तुटलेला धागा? नळीला पोचा? कापड कुठे फाटलंय? कोणी मध्येच बोलायला आलं तर फेरी अर्धवट सोडायची नाही. सोडलीच तर पुन्हा नाकापासून.

तुमच्या हातात येणारी ती त्रिकोणी चौकट जरा थांबून बघा. ओटो लिलिएन्टाल हा जर्मन गृहस्थ १८९१ पासून स्वतः बनवलेल्या पंखांखाली लटकून टेकड्यांवरून उडत होता. शरीर इकडेतिकडे हलवून तोल सांभाळायची युक्ती त्याचीच. पण काखेत पंख धरून तो लटकत असल्यामुळे त्याला हलायला जागा फार थोडी होती. ऑगस्ट १८९६ मध्ये त्याचा पंख हवेत थबकला, म्हणजे पंखाला तोलून धरणारा जोर सुटला, तो पंधरा-एक मीटरवरून पडला आणि दुसऱ्या दिवशी गेला. पुढे १९४८ साली अमेरिकेत फ्रान्सिस आणि गर्ट्रूड रोगालो या नवराबायकोंनी लवचिक कापडी पंख तयार केला, तोही घरातल्या पडद्याच्या कापडापासून. आणि १९६३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या जॉन डिकन्सनने त्या पंखाखाली त्रिकोणी चौकट बसवली आणि माणसाला एका बिंदूपासून झोपाळ्यासारखं टांगलं. त्यामुळे हातांवर भार उरला नाही, आणि चौकट ढकलून सगळं शरीर हवं तिकडे नेता येऊ लागलं. चौकटीची खालची आडवी नळी म्हणजे तुम्ही धरणार आहात तो बार, लिलिएन्टालला जे मिळालं नाही ते.

लटकून बघणे

या लेखातलं एकच लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा.

हार्नेस अंगावर चढवला, मांड्यांचे पट्टे लावले, छातीचा बकल लावला, हेल्मेट घातलं, की माणसाला वाटतं आपण तयार झालो. पण अजून तुम्ही पंखाला जोडलेले नसता. हार्नेस पंखाच्या टांगणीला कॅराबिनरने, म्हणजे कुलूप असलेल्या धातूच्या कडीने, अडकवायचा असतो, आणि जमिनीवर उभं असताना अडकवलेला आणि न अडकवलेला माणूस अगदी सारखाच वाटतो. पंख खांद्यावर तसाच बसतो, बार हातात तसाच येतो, धावलं की पंख तसाच वर उचलतो. फरक कळतो तो पाय सुटल्यावर. तेव्हा माणूस फक्त दोन हातांवर लोंबकळत असतो. जगभर या खेळातले कितीतरी जीवघेणे अपघात असेच झाले आहेत, आणि त्यांत नवशिक्यांपेक्षा जाणती माणसं जास्त दिसतात, कारण हात सवयीने चालत असतात.

म्हणून क्रम असा. कॅराबिनर मुख्य पट्ट्यात आणि राखीव पट्ट्यात, दोन्हींत. त्याचं तोंड बंद, कुलूप फिरवलेलं. मग एक जण समोर नाकाच्या तारा धरतो आणि तुम्ही हळूच पंखाखाली पोटावर आडवे होता, सगळा भार सोडून देता. हाच हँग चेक. समोरचा माणूस मोठ्याने विचारतो आणि तुम्ही मोठ्याने उत्तर देता: मुख्य पट्टा? राखीव पट्टा? कुलूप? डावी मांडी? उजवी मांडी? छाती? हेल्मेट? दोऱ्यांना पीळ? छाती आणि बार यांच्यात साधारण एक मूठ अंतर राहतं ना? मान हलवून उत्तर दिलेलं आम्ही धरत नाही, शब्दाने उत्तर हवं.

त्यानंतर आणखी एक. धावायच्या अगदी आधी, प्रत्येक वेळी, पंख खांद्यावरून वर उचला, इतका की मांड्यांच्या पट्ट्यांना ओढ लागेल. ओढ लागली म्हणजे तुम्ही जोडलेले आहात. लागली नाही तर पंख खाली ठेवा.

माझ्या तिसऱ्या वर्षीची गोष्ट. दुपार संपत आली होती, वारा पडायला लागला होता, शेवटचं एक उड्डाण मिळेल असं वाटत होतं. मी हँग चेक करून तयार उभी होते. शेजारच्या पंखाची एक काडी निसटलेली दिसली म्हणून कॅराबिनर सोडला, जाऊन ती बसवून दिली, परत आले, पंख उचलला. समोर तार धरून उभ्या असलेल्या मुलाने विचारलं, "ताई, ओढ लागली?" मी 'हो' म्हणायला तोंड उघडलं आणि जाणवलं की मांड्यांना काहीच जाणवत नाहीये. पुढच्या तीन सेकंदांत मी धावणार होते. पुढे साठ-सत्तर मीटरचा कडा होता. मी पंख खाली ठेवला आणि त्याच्या शेजारी बसून राहिले. त्या दिवशी नंतर मी उडले नाही.

तेव्हापासून माझा नियम असा आहे की कॅराबिनर सोडला तर हार्नेसही अंगावरून काढायचा. पुन्हा घालायचा म्हटलं की सगळा क्रम आपोआप पहिल्यापासून होतो. तुम्हीही पहिल्याच दिवसापासून हा नियम घ्या. सवय लागायला वेळ लागतो, म्हणून ती लवकर लावलेली बरी.

उतारावर

शिकाऊ उतार साधारण दोन मजले उंच असतो. सुरुवात तर त्याच्याही पायथ्याशी, सपाटीवर. पंख उचलायचा, नाक किंचित वर, दोन्ही टोकं समतोल, आणि चालायचं. मग भरभर चालायचं. मग धावायचं. या तीन पायऱ्या वगळू नका. पहिल्याच पावलाला जोरात सुटलं तर नाक वर जातं, पंख छत्रीसारखा वारा धरतो आणि माणूस मागे खेचला जातो.

नवशिक्यांच्या चार चुका मी दर रविवारी बघते. पहिली, बार करकचून धरणं. बोटं पांढरी पडली की पंख काय सांगतोय ते हाताला कळत नाही. चिमणीचं पिल्लू धरावं तसा बार धरा. दुसरी, पायाकडे बघणं. नजर समोर, लांबच्या झाडावर. जिकडे बघाल तिकडे जाल, हे सायकलवर शिकलेलं इथेही खरं आहे. तिसरी, उडी मारणं. पंखाने ओढ घेतली की मनात येतं आता झेप घ्यावी, आणि माणूस गुडघे दुमडून टाकतो. धावणं थांबलं की वेग थांबला, आणि पंख खाली बसतो. पाय हवेत गेले तरी धावत राहा. पाय टेकत नाहीत हे पायांनाच कळू द्या. चौथी, वळण्यासाठी खांदे पिळणं. पंख वळतो तो वजन सरकल्याने. डावीकडे जायचं तर कमरेपासून सगळं अंग डावीकडे न्या, पायांसकट. बार जवळ ओढला तर नाक खाली आणि वेग जास्त, दूर ढकलला तर नाक वर आणि वेग कमी. फार ढकलला तर पंख हवेत थबकतो, लिलिएन्टालचा थबकला तसा.

उतरताना घाई करू नका. जमीन जवळ आली की घाबरून बार ढकलावासा वाटतो. तसं न करता थोडा वेग ठेवून, हात हळूहळू चौकटीच्या उभ्या नळ्यांवर नेऊन, जमिनीला समांतर सरकत राहायचं. वेग आपोआप ओसरतो. पंख हातात जड व्हायला लागला की दोन्ही हात एकदम वर आणि पुढे, पूर्ण ताणून. याला फ्लेअर म्हणतात. पंख हवेला ब्रेक लावतो आणि तुम्ही दोन पावलांत उभे राहता. अर्धवट फ्लेअर सर्वांत वाईट, केला तर पुरा करा. शिकाऊ पंखाच्या चौकटीला चाकं असतात. जमलं नाही तर बार धरून ठेवून चाकांवर, पोटावर उतरायचं. नाक जमिनीत जातंय असं वाटलं तर हात सरळ ताणून जमीन अडवायला जाऊ नका. दंडाचं हाड त्यानेच मोडतं. बार सोडा आणि हात छातीशी घ्या.

दिवसभरात दहा-बारा धावा होतात. प्रत्येक धावेनंतर पंख पुन्हा वर वाहून न्यायचा, हे कुणी आधी सांगत नाही. क्लबातली मंडळी हात लावतात. तुम्हीही दुसऱ्यांच्या पंखाला लावा.

दुपार

झाडाखाली पिठलं-भाकरी, ठेचा, ताक. पंख मोकळ्यावर सोडून जेवायला बसायचं नाही. त्याचं नाक जमिनीला टेकवून, बांधून ठेवायचं, कारण उन्हं चढली की वावटळ येते. लांबून पाचोळा गोल फिरत येताना दिसला की ओरडा आणि जो पंख जवळ असेल त्याच्या नाकावर जाऊन बसा. वावटळीने उचलून उलटा टाकलेला पंख मी पाहिला आहे. त्याखाली कोणी नव्हतं.

संध्याकाळी वर चला

चारच्या सुमारास पश्चिमेचा वारा स्थिर होतो आणि अनुभवी मंडळी वरच्या टेक-ऑफवर जातात. थकला असलात तरी त्यांच्याबरोबर जा. कोणी कुठे उभं राहून वारा बघतंय, किती वेळ थांबतंय, कोण हार्नेस घालून पुन्हा काढून ठेवतंय, ते बघा. मागे लोहगड आणि विसापूर, पलीकडे तुंग-तिकोन्याचे सुळके आणि मध्ये पवनेचं पाणी. उडणारा माणूस कड्याच्या काठाने आठाचा आकडा काढत येरझारा घालतो आणि वळताना नेहमी कड्यापासून दूर वळतो, हे लक्षात येईल.

प्रशिक्षकाबरोबर जोडीने उडायची संधी मिळाली तर घ्या. तिथेही हँग चेकचे सगळे प्रश्न तुमच्यासाठी विचारले गेले पाहिजेत. घाईत गाळले तर तुम्हीच थांबवा.

शेत, बांध आणि माणसं

आपण ज्या जमिनीवर उतरतो ती कुणाची तरी आहे. उभ्या पिकात उतरायचं नाही, मग लांबचं शेत गाठायला चढ चालावा लागला तरी चालेल. भात निघाला तरी त्याच खाचरात हरभरा, मसूर पेरलेला असतो. नवख्याला तो गवतासारखा दिसतो, म्हणून विचारून घ्या. बांधावरून चला. काका-मावशी भेटल्या तर थांबून नमस्कार करा, कुठून आलात ते सांगा. काही मोडलं, तुडवलं तर लपवू नका, क्लबाच्या माणसाला लगेच सांगा म्हणजे भरपाई करता येते. पोरं पंखाभोवती जमतील. तारांना हात लावू नका म्हणून नुसतं हाकलण्यापेक्षा एकाला विंडसॉक बघायचं काम द्या, बाकीची त्याच्याभोवती जमतात.

निघताना

पंख सोडताना बांधल्याच्या उलट क्रमाने सोडा. काड्या मोजा. माती, कुसळं झटका. ओल असेल तर क्लबाला सांगा, ओला पंख पिशवीत ठेवला तर कापडाला बुरशी लागते.

कामशेतहून लोकलने लोणावळा आणि तिथून पुण्याहून संध्याकाळी येणारी इंद्रायणी मिळते. गाडीत बसल्यावर झोपण्याआधी वही काढा. तारीख, जागा, वाऱ्याची दिशा, अंदाजे वेग, किती वाजता तो फिरला, धावा किती, चाकांवर किती आणि पायांवर किती, हँग चेक कोणी घेतला. पुढच्या वेळी डोंगरावर प्रशिक्षक आधी ती वही मागतो आणि मगच पंखाची पिशवी उघडतो.